वाटाण्याची पडद्यावरची कुळकथा

बीबीसीवर १९८९ साली ‘द पॉडिंग्टन पीज’ नावाची तेरा भागांची छोटी कार्टून मालिका लागली. बागेच्या कोपऱ्यात राहणारी वाटाणेमंडळी, त्यांची घरे, त्यांच्या कुरबुरी. निर्माते पॉल नीड्स आणि कॉलिन वायट. त्याच्या दोनच वर्षे आधी मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल स्टुडिओने ‘क्रीपी क्रॉलीज’मध्ये गोगलगाय, गांडूळ आणि भुंगेरा यांच्या बाहुल्या केसभर सरकवत, एकेक फ्रेम टिपत चालत्याबोलत्या केल्या होत्या. इंग्रजाचा जीव परसबागेत अडकलेला, तेव्हा तिथले किडेमकोडे मुलांच्या पडद्यावर आले यात नवल नाही. नवल हे की या चित्रकलेचे आपल्याकडचे कुळ शोधत मागे गेले, तर मूळपुरुष म्हणून वाटाणाच भेटतो, आणि तो त्यांच्याहून पाऊणशे वर्षांनी थोरला आहे.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हलत्या चित्रांवर पैसे लावायला मात्र कोणी तयार होईना. सावकाराला पटवायचे तर काहीतरी करून दाखवायला हवे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर मिनिटभरात कोंब जमिनीतून वर आला, पाने फुटली, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या पाठीशी तारण म्हणून आधी ही कुंडी होती.

या गोष्टीत ‘रोज एक फ्रेम’ असे सर्रास लिहिले जाते. जरा हिशेब करू. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ फ्रेम. महिन्याच्या तीस फ्रेम म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. मिनिटाची फिल्म हवी तर हजाराच्या आसपास फ्रेम लागतात, म्हणजे रोजच्या तीस-बत्तीस. रोज एकदा येऊन कळ दाबण्याइतके ते सोपे नव्हते; फाळके दिवसभर त्या कुंडीशी बांधलेले असणार. त्यात कॅमेरा हाताने फिरवायचा, मुठीच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम सरकायच्या. एकच फ्रेम घ्यायची तर वेगळी तजवीज. चरित्रकारांनी फाळक्यांची चिकाटी गायली आहे, पण त्या दंतकथेत ती उलट कमीच दिसते.

याच सुमाराला बाहेर काय चालले होते? लंडनमध्ये पर्सी स्मिथ या हौशी निसर्गअभ्यासकाने १९१० साली फुले उमलतानाची फिल्म केली होती आणि माशीला काडी, चेंडू असे पायांवर तोलायला लावून लोकांना थक्क केले होते. लादिस्लास स्तारेविच या आणखी एका चित्रपटकाराला भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्यांच्या झोतात ते भुंगेरे थिजून बसायचे. मग त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय लावले आणि फ्रेम-फ्रेम करून त्यांच्याकडून अभिनय करून घेतला. इंग्रजी मालिकांतल्या गोगलगायीचे खरे आजोबा हे. फाळकेही तिकडे वळले होते: १९१५च्या सुमाराची ‘आगकाड्यांची मौज’ ही निर्जीव काड्यांना नाचवणारी फिल्म त्याच जातीची.

कोल्हापूर या कुळात शिरते ते यंत्राच्या बाजूने. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांना कॅमेऱ्याचे वेड लागले. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून जुना प्रोजेक्टर आणून उलगडून पाहिला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८मध्ये स्वतःचा कॅमेरा उभा केला. पुढे हेच दामले ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक. ‘प्रभात’ १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ला पुण्याला गेली आणि तिथून १९३४ साली रघुनाथ केळकरांची ‘जंबूकाका’ ही व्यंगपटाची छोटी फिल्म बाहेर आली. गंमत म्हणजे त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जींची ‘द पी ब्रदर्स’ दाखवली. पुन्हा वाटाणेच!

इथून पुढे मात्र कुळाची ही शाखा खुंटली, असे मला वाटते. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली कार्टून विभाग सुरू झाला. १९५७चा ‘बॅनियन डिअर’ जातककथेवरचा. विजया मुळे यांचे १९७४मधले ‘एक अनेक और एकता’ पोरांना अजून पाठ आहे, त्यातही पक्षी जाळ्यासकट उडतात ते धडा शिकवण्यासाठी. फिल्म म्हणून ती उत्तमच. पण आपल्या पडद्यावर प्राणी आला की तात्पर्य घेऊनच येतो. वेल नुसता वाढतो आहे आणि आपण पाहतो आहोत, एवढ्यावर समाधान मानणारी फाळक्यांची नजर मागे पडली.

कोल्हापूरचे चित्रपटवाले पन्हाळ्यावर वर्षानुवर्षे चढले ते बुरूज, तटबंदी आणि घोडे यांच्यासाठी. पायाखालची पात्रे कोणी पाहिली नाहीत. मृग लागला की इथे मखमली लाल मृगाचे किडे निघतात. पाऊस धरला की तबक उद्यानातल्या ओल्या पाचोळ्यात वाणी पैशासारखी वेटोळी घालून बसते, गोगलगायी दगडांवर चंदेरी रेघ ओढत जातात आणि ढेकळाखाली गांडुळे. किडे इतके, नक्षत्रागणिक बदलणारे, की मँचेस्टरच्या बाहुलीकाराला हेवा वाटावा.

आता कॅमेरा खिशात आहे आणि फिल्म फुकट. पन्हाळा तालुक्यातल्या शिक्षकांनी यंदा एवढे करावे: रात्रभर भिजवलेले पावटे कुंडीत लावा, मोबाइल एका जागी घट्ट बांधा, खिडकी झाकून एकच दिवा ठेवा, नाहीतर उजेड कमीजास्त होऊन चित्र लुकलुकते. दर अर्ध्या तासाला एक फोटो. दहा दिवसांत ४८० फोटो होतात, सेकंदाला २४ या वेगाने वीस सेकंदांची फिल्म. रात्रीच्या पाळ्या मुलांना वाटून देऊ नका. मोबाइलमध्ये आपोआप फोटो घेण्याची सोय असते, ती वापरा. आणि शेवटी पाटी चढवाल तेव्हा तात्पर्य लिहू नका.