लग्न मांडवात, नोंद फेरफारात

चाकण-निघोज्याकडे घराण्याची वंशावळ काढायला बसलेला माणूस पणजोबापर्यंत धडाधड जातो आणि पणजीपाशी अडकतो. तिचं नाव ठाऊक नसतं, माहेरचं गाव तर नाहीच नाही. मग भावकीतला कोणी जाणता निकाल देऊन टाकतो : साहेबाच्या देशात चर्चची रजिस्टरं असतात, आपल्याकडे लग्न लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. कुणबी नोंदींसाठी अलीकडे गावोगाव कोतवाल बुकं आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं चाळली गेली, तरी हा समज हलला नाही. उलट पक्काच झाला. कारण शाळेच्या जुन्या रजिस्टरात बाप सापडतो, आई सापडत नाही.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते आधी पदरात घालू. विवाह नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदा १९५३चा, महाराष्ट्राचा आजचा १९९८चा. सगळ्या धर्मांची लग्नं नोंदवून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं ते तर २००६ साली, सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात. तेव्हा १९३०च्या सुमाराला आकुर्डीत लागलेल्या लग्नाचा दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेत मागणं व्यर्थच. महापालिका झाली १९८२ साली, त्याआधी बारा वर्षं नगरपालिका होती.

पण दाखला नाही म्हणून नोंदही नाही, हे अनुमान कुठून आलं? सरकारला मांडवात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, शेतसारा कोण भरणार याच्याशी होतं. खातेदार जिवंत असेतो त्याची बायको कागदाला दिसत नाही. तो मेला की मात्र मागे कोण कोण राहिलं हे तलाठ्याला लिहावंच लागतं. पणजीचं लग्न शोधायचं ते पणजोबाच्या मरणात.

जागा म्हणजे फेरफाराची वही, गाव नमुना सहा. तिच्यातल्या वारस नोंदीचा साचा साधारण असा : 'धोंडू बिन लक्ष्मण मयत. वारस मुलगा शंकर, वय ९, अज्ञान, अ.पा.क. आई गंगूबाई कोम धोंडू.' दीड ओळ, तीही बोरूच्या घाईत. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. कुठे 'कोम'ऐवजी 'जोजे' असतं, कुठे 'मर्द', पुढच्या काळात 'भ्र.', म्हणजे भ्रतार. (हा 'मर्द' वाचून गंगूबाईला पुरुष समजणारेही भेटतात!) अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. पणजीचं नाव मिळालं, नवरा मिळाला, आणि पोराच्या वयामुळे लग्न निदान दहा वर्षं आधीचं हेही कळलं. नशीब असेल तर 'लग्नाची' की 'पाटाची' हाही खुलासा सापडतो. घरात जे कोणी बोलत नाही ते तलाठी निर्विकारपणे लिहून मोकळा होतो.

माहेरचा शोध अवघड, हे कबूल. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी वारलेल्या बापाला मुलगे असतील तर त्याच्या वारसांत मुलगी यायची नाही. एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरच्या नावावर जमीन असली की बाकीची माणसंही झाकली जातात. पण या पट्ट्याची गोष्ट निराळी. इथे एमआयडीसी आली, गुंठ्याचे भाव चढले, आणि ज्या आत्यांना पुरणपोळीपुरतं बोलावलं जाई त्यांची सही एकाएकी मोलाची झाली. हक्कसोड पत्रं झाली, वाटपाचे दावे पडले आणि दाव्यांना वंशावळी जोडल्या गेल्या. चऱ्होलीला दिलेली बहीण कागदावर आली ती नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. भावाबहिणींच्या या भांडणांनी घरं मोडली, ते वाईटच. पण माहेरवाशिणींची जेवढी नावं त्यांनी कागदावर आणली तेवढी एकाही कुलवृत्तांताने आणलेली मला दिसत नाही.

हक्कसोड पत्र नोंदवलेलं असतं, म्हणून त्याची सूचीही असते. 'इंडेक्स टू' हा शब्द इथे फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. ती मिळकतीची सूची. १९०८च्या नोंदणी कायद्यात तिच्या शेजारीच इंडेक्स वनही आहे. ती माणसांच्या नावांची. माणूस शोधायचा तर ही सूची हवी, आणि तीच कोणी मागत नाही.

पैशाचा प्रश्न आला की लग्न कागदावर चढतं, हे जुन्नरकडे आधीच दिसलं होतं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून लग्नं लावली. दक्षिणा बुडाली म्हणून दावा झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. बिनबोभाट लागलेल्या शेकडो लग्नांचा मागमूस नाही. हक्काचा तंटा झाला ती लग्नं मात्र न्यायालयाच्या दप्तरी राहिली.

एवढं करून तिथी-मुहूर्त मिळत नाही, असा शेवटचा आक्षेप येतो. नाहीच मिळत. लग्नपत्रिका हाती लागली तर मिळेल. पण पत्रिका लग्न ठरल्याचं सांगते, झाल्याचं नाही. कोम लावलेली बाई लग्न होऊन, नांदून, मुलाची पालनकर्ती म्हणून कागदावर आलेली असते. पुरावा म्हणून मी तिलाच वरचढ मानतो.

तेव्हा राजगुरुनगरच्या तहसील कचेरीत नकलेचा अर्ज कराल तेव्हा पणजोबाच्या लग्नाचं साल आठवत बसू नका. ते कधी वारले, त्याचा अंदाज लिहा.