नक्कलकार टाउनली

क्रिस्टोफर टाउनली (१६०४–१६७४) या इंग्रज गृहस्थाची इतिहासातील ओळख ‘नक्कलकार’ अशी आहे. हे विशेषण फारसे गौरवाचे वाटत नाही, पण ते खोटेही नाही. जुन्या सनदा, मठांची दप्तरे, घराण्यांच्या वंशावळी मिळवायच्या आणि सुवाच्य अक्षरात त्यांच्या प्रती करून ठेवायच्या, हे काम त्याने वर्षानुवर्षे केले. रिचर्ड कुअर्डन या मित्राबरोबर लँकेशर परगण्याचा समग्र इतिहास लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. असे असूनही इंग्लंडमधील खगोलशास्त्राच्या आरंभकाळाचा विचार करताना या माणसाला वगळता येत नाही.

बर्नलीजवळचे टाउनली घराणे कॅथलिक होते. राज्याचा धर्म न मानणाऱ्या कुटुंबातील मुलाला त्या काळी सरकारदरबारी भवितव्य नव्हते. क्रिस्टोफर वकिली शिकला, पण त्या व्यवसायात फार काळ रमला नसावा. उरलेला वेळ त्याने दोन छंदांना दिला: जुने कागद आणि आकाश. स्वतः काही मोठा शोध लावण्यापेक्षा उत्तरेकडच्या विखुरलेल्या अभ्यासकांशी पत्रव्यवहार राखणे आणि त्यांना लागेल ते साह्य करणे, हा त्याचा मार्ग होता.

या अभ्यासकांत तीन तरुण होते. जेरमाया हॉरॉक्स आणि सॅलफर्डजवळचा कापडव्यापारी विल्यम क्रॅबट्री यांनी १६३९ साली शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहिले. ते पाहणारी तेवढी दोनच माणसे ज्ञात आहेत, आणि त्या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तिसरा विल्यम गॅस्कॉइन. त्याच्या दुर्बिणीत एका कोळ्याने जाळे विणले. दूरच्या वस्तूबरोबर तो धागाही स्पष्ट दिसतो हे पाहून त्याला दुर्बिणीतून अचूक मोजमाप करण्याची युक्ती सुचली आणि त्यातून मायक्रोमीटर जन्मास आला.

हॉरॉक्स १६४१ च्या जानेवारीत अवघ्या बाविशीत गेला. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना गॅस्कॉइन पडला. त्याच रणांगणावर क्रिस्टोफरचा भाऊ चार्ल्सही कामी आला. त्याच उन्हाळ्यात क्रॅबट्रीचाही अंत झाला. मागे राहिले ते कागद, आणि यादवीच्या काळात कागदांचे रक्षण कोण करणार? हॉरॉक्सचे काही कागद सैनिकांच्या हाती लागून नष्ट झाले, काही आयर्लंडला जाऊन हरवले, काही १६६६ च्या लंडनच्या आगीत जळाले.

गॅस्कॉइन आणि क्रॅबट्री यांची पत्रे मात्र टाउनलीच्या संग्रहात आली आणि तगली. त्यांचे मोल १६६७ साली कळले. आद्रियाँ ओझू या फ्रेंच अभ्यासकाच्या मायक्रोमीटरची वार्ता रॉयल सोसायटीपर्यंत पोचली, तेव्हा क्रिस्टोफरचा पुतण्या रिचर्ड टाउनली याने कळवले की हे साधन गॅस्कॉइनने यादवीपूर्वीच केले होते. त्याच्यापाशी पुरावाही होता. पुढे जॉन फ्लॅमस्टीडने ही पत्रे टाउनलींच्या घरी पाहिली. पहिला राजज्योतिषी झालेल्या या माणसाचा ग्रंथराज त्याच्या मृत्यूनंतर १७२५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ गॅस्कॉइन आणि क्रॅबट्री यांच्या निरीक्षणांनी होतो.

या कथेचा एक धागा हिंदुस्थानापर्यंतही येतो. जेरेमी शेकर्ली हा गरजू तरुण काही काळ टाउनलींच्या आश्रयाने राहिला आणि तेथे हॉरॉक्सचे लेखन त्याच्या वाचनात आले. १६५१ साली बुधाचे अधिक्रमण होणार आणि ते इंग्लंडमधून दिसणार नाही, असे त्याने गणिताने काढले होते. ते त्याने पाहिले सुरतेहून; शिवाजी महाराजांनी ते शहर लुटले त्याच्या सुमारे बारा वर्षे आधी.

दप्तर आणि दुर्बीण हे दोन छंद एकाच माणसात कसे नांदले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. सनदेतील एक आकडा चुकला तर शेताची शीव सरकते. निरीक्षणातील एक आकडा चुकला तर ग्रह आपल्या कक्षेतून सरकतो. दोन्हीकडे लागते ती समोर आहे तेच उतरवण्याची निष्ठा, आणि आज निरुपयोगी दिसणारा कागद फेकून न देण्याची सवय. बुद्धिमंतांना ती बहुधा कंटाळवाणी वाटते.

टाउनलीचा संग्रह १८८३ साली लंडनमध्ये लिलावात विकला जाऊन ठिकठिकाणी विखुरला. त्याचा इतिहासग्रंथ झाला नाही तो नाहीच. परंतु तीन तरुण एकापाठोपाठ गेले असताना त्यांचे काम त्यांच्याबरोबर गेले नाही, यात या माणसाचा वाटा मोठा आहे. ‘नक्कलकार’ हे विशेषण मग तितकेसे कमीपणाचे वाटत नाही.