चौकटीतले आणि चौकटीबाहेरचे

आमच्या अंधेरीच्या उर्दू शाळेची सहल पुण्याला गेली होती. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली दोन मोठी तैलचित्रे मुलांना दाखवली. एकात पुरुषवेषातले गृहस्थ, दुसऱ्यात शालू नेसलेली देखणी स्त्री. सातवीतल्या एकाने विचारले, "सर, ये दोनों भाई-बहन हैं क्या?"

दोन्ही चित्रे एकाच माणसाची, हे सांगितल्यावर वर्ग हसला. मग पुन्हा निरखून पाहू लागला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. त्यांच्यासारखे पातळ नेसावे, केसांत गजरा माळावा, असे त्या काळच्या घरंदाज बायकांना वाटे. जुन्या छायाचित्रांत ते कळत नाही, काळ्या-पांढऱ्यात शालू विझून जातो. देऊसकरांच्या रंगांत तो पुन्हा पेटतो. हे देऊसकर जे.जे.त शिकले आणि निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, हेही आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले.

पुरुषाने स्त्री होणे आपल्याकडेही नवे नव्हते. पारशी मंडळ्यांच्या उर्दू नाटकांतही मुलगेच नायिका होत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेही मुंबईत, बालीवाला थिएटरात. गंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तीन महिन्यांतच केशवराव वारले.

पण चित्राला आवाज नसतो, ही आमची खरी तक्रार. त्या शालूमागचे गाणे ज्यांच्या साथीने उभे राहिले, ते तबल्यावरचे अहमदजान थिरकवा आणि सारंगीवरचे कादरबक्ष चौकटीत नाहीत. थिरकवा मुरादाबादचे. मराठी पदे त्यांच्या बोटांत कशी मुरली असतील, याचे आम्हांला फार कुतूहल आहे.

गोहरबाई कर्नाटकीही या चौकटीत नाहीत. अमीरबाईंची ही बहीण गंधर्वांच्या मंडळीत आली आणि त्यांच्यासमोर नायिका म्हणून उभी राहिली. पुढे दोघांनी लग्न केले. तिच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले, बरेचसे नाक मुरडून. गंधर्वांच्या कर्जाचा, उतरत्या काळाचा हिशेबही अनेकांनी तिच्याच नावावर मांडला. मंडळी कर्जात ती येण्याच्या कितीतरी आधी बुडाली होती, हे मात्र क्वचितच कोणी आठवते.

१९६२ साली रंगमंदिराची कोनशिला खुद्द गंधर्वांच्या हस्ते बसली. १९६४ साली गोहरबाई गेल्या, १९६७ साली गंधर्व. रंगमंदिर उघडले ते १९६८च्या २६ जूनला, गंधर्वांच्या जन्मदिवशी.

परतताना बसमध्ये त्याच मुलाने विचारले, "सर, तबला कौन बजाता था?" आम्ही नाव सांगितले. त्याने ते वहीत उर्दूत लिहून घेतले आणि 'थ'ला दोनचश्मी हे लागते ना, एवढे विचारून घेतले.