आकडा लावतो कोण, बदनाम होतो कोण?

‘जुगारापायी वस्ती बुडाली’ हे वाक्य आम्ही आपल्याच शिकलेल्या लोकांकडून ऐकतो, तेही बैठकीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून. म्हणून मटक्याचा इतिहास एकदा तपासूया.

मटका वस्तीत जन्मला नाही, कापसाच्या बाजारात जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत येत आणि त्यांच्यावर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. 1961 मध्ये ते भाव थांबले. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. मडक्यातून चिठ्ठी काढायची, म्हणून मटका. पुढे पत्ते आले, नाव राहिलं.

गिरणगाव आकडा का लावत होतं? बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. आज काम मिळेल की नाही, हाच पहिला आकडा. आपल्या माणसांना तर विणकाम खात्यात शिरताच येत नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ! जास्त पगाराचं खातं बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. अशा माणसाला बँक दारात उभी करत नव्हती, सावकार व्याज कापून घ्यायचा. बुकी मात्र चार आणेही घ्यायचा आणि जात विचारत नव्हता. दहा आकड्यांतला एक, लागला तर रुपयाला नऊ. हा हिशेब तोट्याचा आहे हे कामगाराला कळत नव्हतं, असं आम्ही मानत नाही. पण पगारातून जे कधीच जमणार नव्हतं, ते एका रात्रीत जमेल अशी दुसरी जागा त्याला कुणी दाखवली होती?

आणि खेळत होते ते फक्त कामगार? 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने गल्लीतला अड्डा गुन्हा ठरवला, परवान्याच्या रेसकोर्सवरची पैज मात्र वगळली. म्हणजे पोलिसांच्या वहीत वस्तीतला माणूस येतो, महालक्ष्मीच्या स्टँडमधला येत नाही. 1969 मध्ये सरकारने स्वतःच लॉटरी काढली.

घटना समितीत सप्टेंबर 1949 मध्ये काही सदस्यांनी ‘पैज आणि जुगार’ ही नोंद राज्यांच्या सूचीतून काढायची मागणी केली. बाबासाहेबांचं उत्तर कायदेपंडिताचं होतं: नोंद काढली म्हणून जुगार संपत नाही, उलट राज्याच्या हातातलं नियंत्रण जातं. ती आज 34 वी नोंद आहे.

धम्मही जुगाराला सूट देत नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्ध सांगतात की जिंकणाऱ्याला वैर मिळतं, हरणारा धनासाठी झुरतो, त्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही. पण हा उपदेश कुणाला केला? गृहपतीच्या मुलाला, म्हणजे खात्यापित्या घरातल्या तरुणाला.

किंमत मोजली ती घरातल्या बाईने, हे आम्ही लपवत नाही. आमच्या बचतगटातल्या एक आजी पगाराच्या दिवशी रेशनचे पैसे तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. त्यांनी हे सांगितलं तेव्हा शेजारची सून हळूच नवऱ्याच्या मोबाइलमधल्या रमीबद्दल बोलू लागली. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. तिच्या घरचे कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.