कोय आणि कलम



मेक्सिको व मध्य अमेरिका हें ज्याचें माहेर, तें अव्होकॅडो फळ आतां आपल्या शहरांतील बाजारांतही दिसूं लागलें आहे. त्याचा लोण्यासारखा गर खाऊन झाला, कीं मागें राहिलेली टपोरी कोय टाकून देणें मुलांच्या जिवावर येतें. तीन काड्या टोंचून ती पाण्याच्या पेल्यावर ठेवली व बूड तेवढें पाण्यांत राहूं दिलें, म्हणजे कांहीं आठवड्यांत ती उकलते. खालीं मूळ फुटतें, वर कोंब येतो. परंतु या रोपास पुढें त्याच चवीचें फळ येईल काय? कोंकणच्या माणसास हा प्रश्न जुनाच आहे.

पेणहून नागोठण्यास जातांना वाटेंत गडब लागतें. या बाजूस, किंबहुना साऱ्या कोंकणांत, कोयीपासून वाढलेल्या आंब्यास रायवळ म्हणतात. एक रायवळ साखरेसारखा गोड, तर त्याचाच सख्खा भाऊ आंबट आणि रेषाळ! हापूसच्या कोयींत एकच गर्भ असतो, आणि त्यांत परागकण देणाऱ्या परक्या झाडाचाही वांटा असतो. अव्होकॅडोचें फूल तर दोनदां उमलतें, प्रथम स्त्री म्हणून आणि मग पुरुष म्हणून. त्यामुळें तेथेंही संकर सहज घडतो.

इ. स. १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. पुढें तेथील ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं आंब्याचीं कलमें बांधण्याची कला रुजविली, असें मानतात. हापूस हें नांवही अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून पडलें, असें सांगतात. भेटकलमाची रीत सोपी, पण धीराची. कुंडींतलें रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशीं न्यावयाचें, दोहोंच्या साली तासून त्या जखमा एकमेकींस भिडवून बांधावयाच्या, आणि सांधा जुळला कीं सांध्याखालीं फांदी व सांध्यावर रोपाचा शेंडा कापावयाचा. दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ मध्यें निघालें. त्यानें कोयकलमाचा प्रसार केला. यांत नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोंवळ्या दांड्यांत पाचरीप्रमाणें तासलेली काडी बसवितात. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेमुळें अशीं कलमें कोंकणांतील डोंगरउतारांवर लागलीं.

तथापि कलम जुनें जपतें, नवें आणीत नाहीं. नवें येतें तें कोयींतूनच. कॅलिफोर्नियांत रुडॉल्फ हास नांवाच्या टपालवाल्यानें १९२५ च्या सुमारास आपल्या बागेंत अव्होकॅडोच्या कोयी लाविल्या. एका रोपावर कलम कांहीं केल्या धरेना. तें तोडावें असेंही त्याच्या मनांत आलें. पण राखलें, आणि त्यास अपूर्व फळ आलें! १९३५ मध्यें हासनें त्या जातीचें पेटंट घेतलें. तो मूळ वृक्ष २००२ मध्यें मुळें कुजून वठला; परंतु जगांतील प्रत्येक ‘हास’ झाड हें त्याच एका वृक्षाच्या काडीची संतति आहे. आपला हापूसही कोणे एके काळीं असाच कोयींतून उगवलेला एखादा रायवळ असला पाहिजे.

म्हणून पेल्यांतलें रोप मुलांना अवश्य वाढवूं द्यावें. खात्रीचें फळ हवें असेल, तर त्यावर नांवाजलेल्या झाडाची काडी बांधून घ्यावी. मात्र गांवच्या परसांत आजोबांच्या वेळचा गोड रायवळ उभा असेल, तर त्यावर कुऱ्हाड पडण्यापूर्वीं त्याचें एक तरी कलम बांधून ठेवावें. तो गेला, कीं त्याची चव कोणत्याही कोयींतून परत यावयाची नाहीं.