हिरोला

हिरोला (शास्त्रीय नाव : बीट्रॅगस हंटेराय) हा केनिया व सोमालिया यांच्या सीमेलगतच्या कोरड्या गवताळ प्रदेशात राहणारा, बोव्हिडी कुलातील कुरंग आहे. ‘हंटरचा कुरंग’ हे त्याचे दुसरे नाव. हंटर नावाच्या शिकाऱ्याने १८८८ मध्ये टाना नदीच्या परिसरात तो पाहिला व फिलिप स्क्लेटर यांनी पुढील वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बीट्रॅगस या प्रजातीतील ही एकमेव जिवंत जाती आहे. त्यामुळे हिरोला नामशेष झाल्यास एक संपूर्ण प्रजाती संपुष्टात येईल.

मृगांची शिंगे दरवर्षी गळून पडतात; कुरंगांची गळत नाहीत. आपल्याकडील काळवीट, चिंकारा व नीलगाय हेही कुरंगच होत. हिरोलाचे जवळचे आप्त मात्र आफ्रिकेतील हार्टबीस्ट व टोपी हे आहेत. (यातील ‘टोपी’ नावाचा आपल्या डोक्यावरील टोपीशी काही संबंध नाही.)

हिरोलाची खांद्याजवळील उंची सुमारे १ ते १.२५ मीटर व वजन ८० ते ११८ किलोग्रॅम असते. अंगाचा रंग वाळूसारखा पिवळसर तपकिरी असून शेपूट पांढरी असते. नर व मादी दोघांनाही वळ्या असलेली, वीणेच्या आकाराची शिंगे असतात. डोळ्यांभोवती पांढरी कडी असतात व ती कपाळावरील पांढऱ्या पट्ट्याने जोडलेली असल्यामुळे या प्राण्याने चष्मा लावला आहे असे वाटते. डोळ्यांपुढील गडद ग्रंथी इतक्या ठळक असतात की, त्याला ‘चार डोळ्यांचा कुरंग’ असेही म्हणतात.

हिरोला मुख्यतः आखूड गवतावर जगतो. तो सकाळी व संध्याकाळी चरतो, शरीरात चरबी साठवतो आणि पाण्यावाचून बराच काळ तग धरतो. माद्या व पिले कळपाने राहतात. त्यांच्याबरोबर एक प्रौढ नर असतो. तो विष्ठेने व ग्रंथींतील स्रावाने आपले क्षेत्र आखून घेतो, खुरांनी माती उकरतो आणि शिंगांनी झुडपे झोडपतो. बहुतेक पिले सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जन्मतात. विण्यासाठी मादी कळप सोडून एकटी जाते. नवजात पिलाबरोबर ती काही दिवस एकाकीच राहते व याच काळात दोघांनाही हिंस्र पशूंपासून सर्वाधिक धोका असतो.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात हिरोलांची संख्या सुमारे १४,००० असावी असा अंदाज होता. १९८३ ते १९८५ या काळात गुरांच्या बुळकांड्या रोगाची साथ पसरली व बहुतेक कळप नष्ट झाले. २०११ मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले, तरीही हिरोला सावरला नाही. याचे कारण गवतात शोधावे लागते. हत्ती झाडेझुडपे मोडून गवताला जागा करून देत असत. चोरट्या शिकारीने हत्ती विरळ झाले, गुरांची चराई वाढली आणि कुरणांत झुडपे माजली. आता हिरोलांची संख्या ५०० हून कमी मानली जाते व तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात तो नाही.

१९६३ व १९९६ मध्ये काही हिरोला केनियातील त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. तेथे त्यांचा एक लहान समुदाय टिकून आहे. गारिसा परगण्यातील इशाकबिनी येथील सोमाली पशुपालकांनी आपल्या चराऊ जमिनीचा काही भाग राखून ठेवला. तेथे २०१२ मध्ये, हिंस्र पशूंना आत येता येऊ नये असे सुमारे २३ चौरस किलोमीटरचे कुंपण घालून ४८ हिरोला ठेवण्यात आले. पुढील दशकभरात त्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली.