स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटर
स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटर हे स्वीडनमधील स्टॉकहोम विद्यापीठाचे शाश्वततेविषयीचे आंतरविद्याशाखीय संशोधन व अध्यापन केंद्र आहे. त्याची स्थापना २००७ साली झाली. निसर्ग आणि समाज ही एकच गुंतलेली व्यवस्था मानून येथे परिसंस्थाशास्त्र व सामाजिक शास्त्रे एकत्र अभ्यासली जातात. पदव्युत्तर अभ्यासक्रमही त्याच धर्तीवर आहे.

तत्कालीन संचालक योहान रॉकस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर’ नियतकालिकात ‘ग्रहीय मर्यादा’ ही संकल्पना मांडली. हवामान, जैवविविधता, नायट्रोजन चक्र, गोडे पाणी इत्यादी नऊ बाबींत पृथ्वीची सुरक्षित सहनसीमा कोठवर आहे, हे तीत ठरविले जाते. यांपैकी पहिल्या तीन मर्यादा तेव्हाच ओलांडल्या गेल्या होत्या. २०२३ च्या फेरमूल्यमापनात ही संख्या सहावर गेली. पाण्यासारख्या स्थानिक बाबीला एकच जागतिक आकडा लावण्यावरील आक्षेप मात्र रास्त आहे, कारण एका खोऱ्यातील टंचाई दुसऱ्या खोऱ्यातील मुबलकतेने दूर होत नाही.